खलाशाच्या दंडावरची बाई

संपादकांना समुद्रावरच्या अंकासाठी खलाशांच्या गोंदणांवर लेख हवा होता. त्यांच्या डोक्यात चिन्हांचे अर्थ होते. पाकोळी म्हणजे पाच हजार सागरी मैल प्रवास. नांगर म्हणजे अटलांटिक ओलांडला. पूर्ण शिडांचं जहाज म्हणजे केप हॉर्नला वळसा, कासव म्हणजे विषुववृत्त पार. एका पायावर डुक्कर आणि दुसऱ्यावर कोंबडा असला की माणूस बुडत नाही, ही जुनी समजूत. ही यादी हल्ली कुठेही सापडते, त्यामुळे ती इथेच संपवतो. जुन्या अमेरिकी टॅटूवाल्यांचे रंगवलेले पुठ्ठे बघायला बसलो आणि नजर अडकली ती त्यांतल्या बायांवर. खलाशाची टोपी तिरपी घातलेली एक, नांगराला रेलून उभी दुसरी, कमरेखाली मासा झालेली तिसरी. आपल्याकडे गोंदण बाईच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर असतं. इथे बाई हेच गोंदण होतं आणि ती बसायची पुरुषाच्या दंडावर.

या पुठ्ठ्यांना धंद्यात ‘फ्लॅश’ म्हणतात. दुकानाच्या भिंती फ्लॅशने भरलेल्या असायच्या. बंदरावर उतरलेला, खिशात पगार आणि पोटात दारू असलेला पोरगा आत यायचा, बोट दाखवायचा, बाही वर करायचा. त्याला विचार करायला वेळ नसायचा, रांगेतल्या मागच्याला तर त्याहून नसायचा. म्हणून चित्र लांबून ओळखू यायला हवं, बघताक्षणी आवडायला हवं आणि झटपट गोंदता यायला हवं. रघुवीर मुळगावकर किंवा दीनानाथ दलालांच्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरची बाई स्टॉलवरून गिऱ्हाइकाला हाक मारायची, तसंच हे काम. फरक इतकाच की अंक वर्षभरात रद्दीत जायचा आणि ही बाई माणसाबरोबर म्हातारी व्हायची.

अधिकृत इतिहास थोडक्यात असा. १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने विजेवर चालणाऱ्या टॅटू यंत्राचं पेटंट घेतलं. त्यामागची कल्पना एडिसनच्या विजेच्या पेनाची, जे खरं तर कागदाला भोकं पाडून नकला काढण्यासाठी होतं. १९०४ मध्ये चार्ली वॅग्नरने स्वतःच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आजही चालणारं गुंडाळ्यांचं यंत्र दाराच्या घंटीसारखंच चालतं: विद्युतचुंबक लोखंडी पट्टी ओढतो, ओढताच संपर्क तुटतो, स्प्रिंग पट्टी परत नेते, पुन्हा संपर्क. सेकंदाला शंभरेक वेळा. ती गुणगुण म्हणजे सुईचा आवाज. यंत्र आलं तसा भाव उतरला, वेग वाढला आणि बंदरांवर दुकानं उघडली. त्यांतलीच दोन नावं मला धरून बसली: व्हर्जिनियातल्या नॉरफोकचा ऑगस्ट ‘कॅप’ कोलमन आणि होनोलुलूचा नॉर्मन कॉलिन्स, ज्याला जग सेलर जेरी म्हणून ओळखतं.

मधे एक सरकारी कागद येतो, तो मला फार आवडला. १९०९ च्या सुमाराला अमेरिकी नौदलाने कळवलं की अश्लील गोंदण असलेल्या उमेदवाराला घेतलं जाणार नाही, मात्र चित्र बदलून घ्यायची संधी त्याला द्यावी. झालं! भरती व्हायला निघालेले तरुण टॅटूवाल्यांच्या दारात उभे राहिले आणि दंडावरच्या उघड्या बायांना झगे चढू लागले. वॅग्नरसारख्यांना त्यातून चांगलं काम मिळालं. फ्लॅशमधल्या बायांचे गवती परकर आणि खलाशी सदरे बघताना हे आठवावं. त्यांत चित्रकाराची हौस असेल, पण त्या परिपत्रकाचीही सावली आहे.

आता त्या पुठ्ठ्यापाशी थांबू.

आधी पेन्सिलीने पातळ कागदावर रेखाटन. तेच तेच पुन्हा काढून एकेक रेष गाळत जायची. मग जाड पुठ्ठ्यावर उतरवून काळ्या शाईची बाह्यरेषा. ही रेष सबंध चित्राचा सांगाडा. कातडीत गेलेली शाई वर्षांनुवर्षं हळूहळू पसरते, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन बारीक रेषा कालांतराने एक होतात. म्हणून फ्लॅशमधल्या बाईला पापण्यांचे केस मोजून मिळत नाहीत. डोळा म्हणजे एक जाड कमान आणि एक ठिपका, नाक म्हणजे जेमतेम एक खूण. हात अनेकदा डोक्यामागे किंवा पाठीशी, कारण एवढ्याशा जागेत पाच बोटं काढली की वीस वर्षांनी त्यांचा गोळा होणार. ऐटबाज वाटणाऱ्या त्या पवित्र्यामागे असा हिशेब आहे.

मग छटा, आणि यातली पद्धत ऐकून काहींना किळस येईल. चित्रकार एकाच हातात दोन ब्रश धरतो. एकात काळी शाई, दुसरा तोंडात घालून थुंकीने ओला केलेला. बाईच्या मांडीच्या कडेला शाईचा फटकारा मारायचा आणि तो वाळायच्या आत बोटांत ब्रश फिरवून थुंकीच्या ब्रशने काळा रंग आतल्या बाजूला ओढायचा. काळं गडद, मग राखाडी, मग काहीच नाही. पाणी का नाही? पाणी पातळ. शाई त्यात मन मानेल तिकडे धावते. थुंकी किंचित चिकट, ती शाईला लगाम घालते आणि उतार मऊ येतो. दुसऱ्यांदा हात फिरवता येत नाही. वाळलं की कड धरते आणि डाग राहतो. जुन्या पुठ्ठ्यांवर मांडीचा तो उतार एका दमात उतरलेला दिसतो तेव्हा माणसाचा हात किती बसलेला होता ते कळतं.

काळं पुरेसं भरल्यावर रंग: लाल, हिरवा, पिवळा, तपकिरी. यादी तोकडी, कारण कातडीत टिकणारे भरवशाचे रंगच तोकडे होते. बाईच्या अंगाला मात्र बहुतेक रंग लावतच नाहीत. कोरा पुठ्ठा तसाच सोडायचा, कारण दंडावर त्या जागी गिऱ्हाइकाची स्वतःची कातडी येणार. तिचं शरीर त्याच्या शरीराचं. फ्लॅशमधली मला सर्वांत हुशार वाटलेली गोष्ट ही.

कागदावरून दंडावर जायची वाट तितकीच चिवट. सेल्युलॉइडचा किंवा पुढे अ‍ॅसिटेटचा पारदर्शक तुकडा चित्रावर ठेवून सुईने रेषा कोरायच्या. कोरीव खाचांत कोळशाची पूड चोळायची. दंड भादरून त्यावर व्हॅसलिनचा हात फिरवायचा आणि तुकडा दाबायचा. खाचांतली पूड चिकटून बाई दंडावर उमटते. पण ती फक्त पूड. मनगट लागलं की पुसली. म्हणून उजव्या हाताचा कारागीर खालच्या उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करून वर सरकतो. आधी पाय, नांगर, शेवटी चेहरा. जागाही नेमकी निवडायची. गवती परकरातली हवाईची नर्तकी दंडाच्या स्नायूवर अशी बसवायची, की मूठ आवळली की ती कंबर हलवेल.

कोलमन १९१८ च्या सुमारास नॉरफोकला आला. नौदलाचं मोठं ठाणं, गिऱ्हाइकांना तोटा नाही. जाड रेष, भरपूर काळं आणि मोजके रंग हे घराणं पुढे ज्यांनी चालवलं त्यांच्यावर त्याचा ठसा आहे. कॉलिन्सचा जन्म १९११ चा. होनोलुलूच्या हॉटेल स्ट्रीटच्या वस्तीत त्याने दुकान मांडलं. दुसऱ्या महायुद्धात तिथे खलाशांचा लोंढा होता. पण तो भिंतीवरच्या फ्लॅशवर समाधानी नव्हता. जपानबद्दल मनात अढी असूनही त्याने गिफूच्या होरिहिदे या जपानी गोंदणकाराशी पत्रव्यवहार केला, चित्रांची देवाणघेवाण केली, पाठभर पसरणारी लाट आणि वारा शिकून घेतला. जांभळा रंग धंद्यात आणण्याचं श्रेय त्याला देतात. सुया निर्जंतुक करण्याबाबत तो कडक होता, तेही एकाच बादलीत एकच स्पंज बुडवून रांगेतल्या सगळ्यांना पुसायच्या काळात.

कौतुक इथवर. या पुठ्ठ्यांना चित्र म्हणून कुणी मोजलंच नाही. भिंतीवर धूर, ऊन, बोटांचे डाग; वरून टिकावं म्हणून लाखेचा हात, आणि तोच पुढे पिवळा पडला. चांगला पुठ्ठा दिसला की शेजारचा दुकानदार नक्कल करायचा, त्यामुळे सही नसलेली बाई मूळ कुणाची हे ठरवणं कठीण. पुढे शहरांनी दुकानंच बंद केली. नॉरफोकने १९५० मध्ये गोंदणावर बंदी घातली, ती २००६ पर्यंत टिकली. न्यूयॉर्कने १९६१ मध्ये काविळीच्या साथीचं कारण दिलं आणि १९९७ मध्ये बंदी उठवली. दुकान बंद झालं की पुठ्ठे कुठे जातात ते कुणाही साइनबोर्ड पेंटरच्या घरच्यांना विचारा.

कॉलिन्स आणि कोलमन दोघेही १९७३ मध्ये गेले. कोलमन एलिझाबेथ नदीत बुडून. कॉलिन्सने सांगून ठेवलं होतं की दुकान आपण नेमलेल्या मोजक्या शिष्यमित्रांपैकी कुणी घ्यावं, नाहीतर सगळं जाळून टाकावं. माइक मॅलोनने ते घेतलं म्हणून आज ती चित्रं दिसतात. मात्र जास्तीत जास्त लोकांना ती दिसतात रमच्या बाटलीवर, कारण ‘सेलर जेरी’ आता मद्याचं नाव आहे. बाटलीवरची बाई स्वच्छ आहे, धारदार आहे, आणि काचेवर शाई पसरत नसल्यामुळे तिच्या जाड रेषेला काही कामच उरलेलं नाही.

दुसरी अडचण बायांचीच. हवाईची, चीनची, जपानची बाई या पुठ्ठ्यांवर आली ती गोऱ्या खलाशाच्या नजरेतून. काही चेहरे आज बघवत नाहीत. रंगवणारेही जवळपास सगळे पुरुष. मॉड वॅग्नर हा ठळक अपवाद: सर्कशीतली कसरतपटू, १९०४ च्या सेंट लुइसच्या प्रदर्शनात तिला गस वॅग्नर हा दर्यावर्दी गोंदणकार भेटला, त्याच्याकडून ती हाताने गोंदायला शिकली, अंगभर गोंदवूनही घेतलं. तिची मुलगी लोव्हेटाही उत्तम गोंदणकार झाली. पण लोव्हेटाच्या स्वतःच्या अंगावर एक ठिपका नव्हता. आईने बापाला तिला गोंदू दिलं नाही आणि बाप गेल्यावर दुसऱ्या कुणाचा हात तिला नको होता.

एका संग्रहालयाने वेळेवर शहाणपण दाखवलं. न्यूपोर्ट न्यूजच्या मरिनर्स म्युझियमने १९३६ मध्येच कोलमनचे फ्लॅश आणि अवजारं विकत घेतली, धंदा बदनाम असताना. लेकीसुनांकडे अमेरिकेला जाणारे आपले लोक वॉशिंग्टन बघतातच. तिथून गाडीने तीनेक तासांवर हे गाव आहे. जाण्याआधी फोन करून पुठ्ठे दालनात मांडलेत की कोठारात आहेत ते विचारून घ्या, आणि दिसलेच तर रंगांकडे नंतर बघा, आधी मांडीवरचा तो काळा उतार बघा.