टायटॅनियमची सायकल : दाम धातूचे की जोडाचे?

टायटॅनियम हे नाव ऐकले की आपल्या कापड बाजारातील माणसाला ते विमानाच्या कारखान्यातील काहीतरी वाटते. प्रत्यक्षात भिवंडी-मालेगावच्या पेढ्यांवर ते रोज विकले जाते. पॉलिएस्टर सुताच्या पेटीवर 'सेमी-डल' किंवा 'फुल-डल' असे लिहिलेले असते. त्यातला 'डल'पणा टायटॅनियमच्या पांढऱ्या भुकटीमुळे येतो. शंभर किलो सेमी-डल सुतात ही भुकटी साधारण तीनशे ग्रॅम असते आणि तेवढ्याने धाग्याची काचेसारखी चमक मरते. हीच भुकटी भिंतीच्या पांढऱ्या रंगातही जाते. तिचा कच्चा माल म्हणजे इल्मेनाइट नावाची काळी रेती. ती केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर मिळते, तशीच आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे.

त्याच टायटॅनियममधून प्राणवायू काढून टाकून शुद्ध धातू केला, की त्याची विमानाची नळी होते, मोडलेल्या हाडात बसवायची पट्टी होते, आणि वेगाने पळवायची 'रोड' सायकलही होते. अशा सायकलीची नुसती फ्रेम अमेरिकेतील छोटे कारखाने कित्येक हजार डॉलरना विकतात. एवढे दाम कशाचे, असा प्रश्न व्यापाऱ्याच्या मनात पहिल्यांदा येणारच. धातू महाग आहे हे खरे, पण ते उत्तर अर्धेच आहे. किमतीचा मोठा भाग कारागिराच्या हाताचा आहे, आणि म्हणूनच हा विषय आपल्या वाचकांसमोर ठेवण्याजोगा वाटला.

आधी धातूविषयी थोडक्यात. हा धातू 1791 साली इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या विल्यम ग्रेगोर यांना काळ्या रेतीतच सापडला. जमिनीत त्याचा तुटवडा नाही. अडचण अशी, की तो प्राणवायूला सहजासहजी सोडत नाही. लोखंडासारखा कोळशाच्या भट्टीत तो निघत नाही. लक्झेंबर्गचे विल्यम क्रोल यांनी 1940 च्या सुमारास बसवलेल्या पद्धतीत त्याचे आधी क्लोरीनशी संयुग करतात, मग मॅग्नेशियमने तो क्लोरीन ओढून घेतात. शेवटी स्पंजासारखा सच्छिद्र गोळा उरतो आणि तो हवेविना वितळवून त्याच्या लाद्या करतात. आपल्या देशात रेती भरपूर होती, पण हा स्पंज करण्याचा कारखाना चवऱ्यालाच 2011 साली उभा राहिला. त्याची क्षमता वर्षाला 500 टनांची, आणि मुख्य ग्राहक अंतराळ व संरक्षण खाते. सायकलीपर्यंत हा माल पोहोचतच नाही.

सायकलीला हा धातू का? एक घन सेंटिमीटर पोलादाचे वजन सुमारे 7.8 ग्रॅम, टायटॅनियमचे 4.5 ग्रॅम आणि ॲल्युमिनियमचे 2.7 ग्रॅम. म्हणजे वजनाला तो मधला आहे, पण मजबुतीत चांगल्या पोलादाच्या जवळ जातो. शिवाय त्याला गंज चढत नाही. घाम आणि समुद्राची खारी हवा यांचे त्याला काही वाटत नाही, म्हणून त्याला रंगही द्यावा लागत नाही. एक उणीव मात्र आहे. त्याचा ताठपणा पोलादाच्या जवळपास निम्मा असतो. पोलादाच्या बारीक नळ्यांच्या मापात टायटॅनियमची सायकल केली तर पायडल जोराने मारताना ती वेतासारखी डुलते. 1970 च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत निघालेल्या पहिल्या सायकलींबद्दल हीच तक्रार होती. पुढे नळ्या जाड व्यासाच्या आणि पातळ भिंतीच्या केल्या, तेव्हा ती दूर झाली. आज बहुतेक फ्रेमला तीन टक्के ॲल्युमिनियम व अडीच टक्के व्हॅनेडियम मिसळलेल्या नळ्या वापरतात. हा मिश्रधातू विमानातील तेलदाबाच्या नळ्यांसाठी तयार झाला होता. भिंतीची जाडी कित्येकदा एक मिलिमीटरच्याही आत असते.

हा धंदा वाढवला तो मोठ्या कंपन्यांनी नव्हे. टेनेसी राज्यात चॅटनूगा येथे लिन्स्की नावाच्या कुटुंबाचे यंत्रकामाचे दुकान होते. रासायनिक कारखान्यांसाठी ते टायटॅनियमचे भाग बनवत. घरातील एका भावाने उरलेल्या नळ्यांतून स्वतःसाठी सायकल जोडली आणि त्यातून 1986 साली 'लाइटस्पीड' हे नाव बाजारात आले. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये 'मर्लिन' सुरू झाली. मर्लिन पुढे विकली गेली, पण तिथे हात तयार झालेल्या माणसांनी आपापली दुकाने थाटली. त्यांतले 1997 चे 'सेव्हन सायकल्स' आजही मापाबरहुकूम फ्रेम करते. लिन्स्की कुटुंबानेही लाइटस्पीड विकली आणि 2006 च्या सुमारास आपल्या आडनावाने पुन्हा दुकान उघडले. उस्तादाकडून शागिर्दाकडे जाणारा हुन्नर कंपनी विकली तरी विकला जात नाही, याचे हे उदाहरण आहे.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे जोडाकडे येऊ. आपल्याकडे ज्याला आर्गन वेल्डिंग म्हणतात, त्यानेच हे काम होते. स्टीलच्या जिन्याचे कठडे जोडणाऱ्या कारागिराला ते माहीत असते. पण टायटॅनियम फार नाजूक मिजाजाचा धातू. साधारण 425 अंश सेल्सिअसच्या वर तापला की तो हवेतील प्राणवायू व नायट्रोजन शोषू लागतो आणि ठिसूळ होतो. वितळतो मात्र 1668 अंशांना. म्हणजे वितळल्यापासून पुरेसा थंड होईपर्यंत त्याला हवेपासून झाकून ठेवावे लागते, आणि तेही दोन्ही बाजूंनी. बाहेरून टॉर्चमधून येणारा आर्गन पुरत नाही. नळीच्या पोटातही आर्गन भरून आतली हवा हुसकून लावावी लागते. हातमोज्याचा मळ, बोटाचे तेल, मागच्या कामातील लोखंडाचा कण यांतले काहीही जोडात गेले तर तो जोड मनातून उतरलाच. म्हणून नळ्या ॲसिटोनने पुसतात, स्वच्छ हातमोजे घालूनच हाताळतात, आणि टायटॅनियमच्या कानशी पोलादाच्या कामाला लावत नाहीत.

नळ्यांची तोंडे एकमेकींवर इतकी घट्ट बसावी लागतात की मधून उजेड दिसता कामा नये. फट राहिली की ती भरायला जादा उष्णता द्यावी लागते आणि नळी वाकडी होते. वाकडी झालेली टायटॅनियमची नळी सरळ करणे म्हणजे डोकेदुखीच. दाबली तरी ती स्प्रिंगसारखी परत येते. काही कारागीर आधी नुसत्या वितळवणीने जोड धरतात आणि मग दुसऱ्या फेरीत तार घालतात. काही जण एकाच फेरीत संपवतात. कोणती रीत बरी यावर त्यांच्यात वाद आहेत. जोड चांगला झाला की नाही हे मात्र रंग सांगतो. चांदीसारखा चकचकीत असेल तर उत्तम, गवती पिवळा असेल तर चालण्यासारखा. निळा दिसला तर शंका घ्यावी, आणि राखी किंवा पांढरा पडला तर तो जोड कापून टाकावा.

इथेच इमानदारीचा प्रश्न येतो. बाहेरचा जोड तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करता येतो. आतला ग्राहकाला दिसत नाही. खराब जोडाची सायकल दुकानातून निघते तेव्हा सुंदरच असते. चीर पडते ती वर्षा-दोन वर्षांनी, आणि ती दुरुस्त करणारा माणूस गावोगावी मिळत नाही. म्हणून या धंद्यात ग्राहक आधी बनवणाऱ्याचे नाव बघतो, धातूचा प्रश्न नंतर येतो.

मापाची बाब आपल्या दर्जी बंधूंना लगेच कळेल. चांगला कारखाना ग्राहकाची उंची तर विचारतोच, शिवाय पायाची आतली लांबी, धड, हात आणि खांद्याची रुंदी यांचीही मापे घेतो. कंबर किती वाकते, गुडघा कधी दुखतो, रस्ता सपाट की घाटाचा हेही विचारतो. त्यावरून सीटच्या नळीचा कोन 73 अंश ठेवायचा की अर्धा अंश कमी, हँडल किती वर आणि किती पुढे, हे ठरते. तयार कपडा आणि मापाचा कपडा यांत जो फरक, तोच इथे. मात्र सदऱ्यात शिवणीचे कापड आत ठेवता येते, इथे तशी सोय नाही.

रंगाची एक मौज सांगितल्याशिवाय राहवत नाही. टायटॅनियमवर रंगद्रव्याशिवाय रंग चढतो. विशिष्ट द्रावणात बुडवून वीज सोडली की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पारदर्शक थर येतो आणि त्याच्या जाडीनुसार प्रकाश रंग दाखवतो. कमी व्होल्टला सोनेरी, तिसाच्या आसपास निळा, आणखी चढवत गेले की पिवळा, गुलाबी, शेवटी हिरवा. रंगाऱ्याच्या हंड्याऐवजी इथे व्होल्टचा काटा असतो. या रंगाला ऊन लागून फिकेपणा येत नाही, ओरखडा मात्र पडतो.

फ्रेम हाती आल्यावर सायकल जोडणे हे वेगळे काम. बाकीचा सामान बहुधा बाहेरून येतो. गियर व ब्रेक बहुतेकदा जपानच्या शिमानोचे असतात. ही कंपनी 1921 साली साकाई गावात निघाली. साकाई हे सुऱ्या आणि बंदुका घडवणाऱ्या लोहारांचे गाव. बंदुकांचा धंदा बसल्यावर त्या हातांनी सायकलीची दुरुस्ती व सुटे भाग सुरू केले. पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, हल्ली कार्बनचा असतो.

जोडणीत सर्वांत स्वस्त वस्तू सर्वांत महत्त्वाची ठरते. ती म्हणजे आट्यांना लावायचे न चिकटणारे मलम. टायटॅनियमचे आटे कोरडे आवळले की एकमेकांत चिकटून बसतात आणि मग बोल्ट तुटतो पण निघत नाही. ॲल्युमिनियमची सीटपोस्ट टायटॅनियमच्या नळीत कोरडी ठेवली तर घाम आणि ओलाव्याने ॲल्युमिनियम गंजते, आणि काही महिन्यांत ती तिथेच जाम होते. पायडलच्या धुऱ्याचे, म्हणजे बॉटम ब्रॅकेटचे, जुन्या इंग्लिश मापाचे कप असतील तर चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो. डाव्या पायडलचेही तसेच. नवशिक्या मेस्तरीने इथे नेहमीच्या दिशेने जोर लावला की महागड्या फ्रेमचे आटे गेले. फोर्कची दांडी कापताना आधी थोडी लांबच ठेवावी आणि वर कड्या घालाव्यात. महिनाभर चालवल्यावर हँडल खाली हवे असे वाटले तर पुन्हा कापता येते, वाढवता येत नाही. हँडलजवळचे बोल्ट सहसा पाच न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात. त्यासाठी मापाचा पाना लागतो, मनगटाचा अंदाज चालत नाही. नव्या डिस्क ब्रेकला मोकळ्या रस्त्यावर वीसेक वेळा वेग कमी करून घासून बसवावे लागते, तोवर ते नीट पकडत नाहीत. तारेचे गियर असतील तर पहिल्या काही फेऱ्यांनंतर ते पुन्हा जुळवावे लागतात.

चालवायला ही सायकल कशी? विकणारे सांगतात की टायटॅनियम रेशमासारखे चालते. माझ्या मते यात अर्धे जाहिरातीचे आहे. त्रिकोणी फ्रेम वरून खाली फारशी दबत नाही, मग ती कोणत्याही धातूची असो. खड्ड्याचा धक्का प्रामुख्याने टायर खातो, नंतर सीट आणि तिची दांडी. 23 मिलिमीटरच्या टायरऐवजी 28 किंवा 32 चा घेतला आणि हवा बेताची ठेवली, तर जो आराम मिळतो तो धातू बदलून मिळणार नाही. खरा गुण टिकाऊपणाचा. जोड चांगला असेल तर फ्रेम वर्षानुवर्षे तशीच राहते, आणि ओरखडा काथ्याने घासून निघतो. वजनात मात्र ती कार्बनशी टक्कर देऊ शकत नाही. टायटॅनियमची फ्रेम साधारण 1300 ते 1600 ग्रॅमची असते, चांगली कार्बनची एक किलोच्या आतबाहेर. त्यामुळे शर्यतीच्या मैदानातून कार्बनने तिला 2000 नंतर जवळजवळ हुसकावले.

आता या छोट्या कारखान्यांसमोर दुसरे संकट आहे. चीनमध्ये शान्शी प्रांतातील बाओजी हे शहर टायटॅनियमचे मोठे केंद्र आहे, आणि त्या भागातील कारखाने कोणालाही मापाची फ्रेम पुष्कळ कमी दामात करून देतात. त्यांतले काही काम चांगले असते, ही गोष्ट नाकारता येत नाही. हातमाग आणि यंत्रमागाचा झगडा पाहिलेल्या आपल्या लोकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. अमेरिकन कारागिरांनी दर खाली आणण्याचा नाद धरला नाही. त्यांनी माप घेण्यात वेळ घातला, फ्रेमची दीर्घ हमी दिली, जुनी फ्रेम परत घेऊन दुरुस्त करून दिली. कमी माल काढून ते टिकून आहेत. सगळेच टिकतील असे नाही.

आपल्याकडे लुधियानात लाखोंनी सायकली होतात, हैदराबादच्या मिधानीत टायटॅनियमच्या मिश्रधातूंचे काम होते, आणि आर्गन वेल्डिंगचे कुशल हात तर प्रत्येक औद्योगिक वसाहतीत आहेत. कोणी हात घालायचा विचार केला तर पहिले भांडवल यंत्रापेक्षा स्वच्छ खोली आणि वाया घालवायच्या नळ्या यांत जाईल.

आणि कोणाला अशी फ्रेम विकत घ्यायची असेल तर एक सोपी तपासणी आहे. पायडलचा धुरा बसवण्याआधी त्याच्या रिकाम्या नळकांड्यात बॅटरीचा उजेड टाकून पाहावे. तिथे जोडाची आतली बाजू दिसते. ती चांदीसारखी असेल तर आत आर्गन नीट भरला होता. निळी-राखी दिसली तर पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला कारण विचारावे.