सर्कल पास, ओझरचं काय?

मुंबई–आग्रा महामार्ग, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिगचा कारखाना, भोवती द्राक्षबागा. मोबाइल कंपन्यांनी धावत यावं असंच नाशिक जिल्ह्यातलं ओझर आहे. तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल अशी स्पर्धाही आहे. एकीची सेवा पटली नाही तर १९०० वर मेसेज टाकून, नंबर तोच ठेवून दुसरीकडे जाता येतं. देशभर ही सोय २० जानेवारी २०११ पासून आहे. पण एखाद्या गल्लीत चौघांचीही रेंज जात असेल तर ग्राहकानं जायचं कुठे?

स्पर्धा तिथे थांबते आणि १९९७ साली स्थापन झालेल्या ‘ट्राय’चं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचं, काम सुरू होतं. कॉल ड्रॉप २ टक्क्यांच्या आत हवा, हा त्यांचा जुना नियम. खरी मेख मोजण्यात होती. परवान्याच्या हिशेबात मुंबई वगळता उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सर्कल. त्यामुळे ओझरला तुटलेला कॉल पणजीच्या खणखणीत कॉलबरोबर एकाच सरासरीत मिसळायचा आणि कंपनी पास व्हायची! २०१७ मध्ये ट्रायनं ही पद्धत बदलली: ९० टक्के सेलमध्ये (टॉवरच्या क्षेत्रांत), ९० टक्के दिवस, ड्रॉप २ टक्क्यांच्या आत हवा. उरलेल्या १० टक्क्यांत आपलं गाव नसावं, एवढी आशा ग्राहकानं तेव्हा करायची होती.

भरपाईचाही प्रयोग झाला. तुटलेल्या कॉलमागे १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन कॉलपुरता. १ जानेवारी २०१६ पासून. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ११ मे २०१६ रोजी नियम रद्द झाला. २ टक्के कॉल तुटायला नियमच मुभा देतो, मग प्रत्येक कॉलचा भुर्दंड कसा? युक्तिवाद बिनतोड होता. ग्राहकाचा रुपया मात्र गेला.

ऑगस्ट २०२४ च्या नव्या नियमांत ट्राय पुन्हा भरपाईकडे वळली, वेगळ्या वाटेनं. जिल्ह्यात सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेडच्या भाड्यात सूट आणि प्रीपेडची मुदतवाढ. शिवाय २जी ते ५जीपर्यंत कुठे काय मिळतं, याचे नकाशे कंपन्यांनी संकेतस्थळावर टाकायचे. सिम घेण्याआधी ओझरकरानं ते जरूर पाहावेत. भरपाईचं माप मात्र जिल्हा आहे, आणि नाशिक जिल्हा १५ तालुक्यांचा. गावातला एक टॉवर दोन दिवस मुका राहिला म्हणून जिल्हा बंद पडत नाही.

कधी सरकारच टॉवरला अडवतं, आणि तेही सकारण. विमानांच्या उंचीमापक यंत्रांना अडथळा नको म्हणून दूरसंचार विभागानं नोव्हेंबर २०२२ मध्ये धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटरपर्यंत ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्‌झच्या ५जी केंद्रांना मनाई केली. विमानतळाशेजारी राहणाऱ्यांनी कंपनीला शिव्या घालण्याआधी हेही तपासावं.

एकेका ग्राहकाची तक्रार ट्राय स्वतः सोडवत नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, मग तिथलंच अपील. तरी दाद लागली नाही तर नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबाइल कंपनीविरुद्धची तक्रार ग्राहक मंचापुढे चालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे.