गँगवे, लहान नौकांचा

धक्का व नौका यांच्यामधील पाण्यावरून ये-जा करण्यासाठी टाकण्यात येणाऱ्या, उचलून ठेवता येण्याजोग्या अरुंद फळीस किंवा पुलास गँगवे म्हणतात. मोठ्या जहाजांवरील गँगवे हा जहाजाच्या अधिकृत साधनसामग्रीचा भाग असतो व त्यासंबंधी आंतरराष्ट्रीय नियम आहेत. शिडाच्या किंवा एंजिनाच्या लहान नौकांच्या बाबतीत मात्र त्याची निवड मालकावर अवलंबून असते. तयार गँगवे महाग असल्यामुळे पुष्कळदा हाताशी असलेली एखादी फळी वापरली जाते. हे साधन साधे दिसत असले, तरी नौका व धक्का यांच्या फटीत पडलेला मनुष्य लाटेबरोबर परत येणाऱ्या नौकेखाली चिरडला जाण्याचा धोका असतो.

एक जुना व प्रसिद्ध नौकापूल लढाईसाठी होता. पहिल्या प्यूनिक युद्धात रोमन आरमाराने वापरलेला ‘कॉर्व्हस’ (डोमकावळा) सु. ११ मी. लांब व १·२ मी. रुंद होता, असे पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराच्या वर्णनावरून दिसते. त्याच्या टोकाखालील अणकुचीदार लोखंडी चोच शत्रूच्या जहाजाच्या तक्तपोशीत रुतत असे. इ. स. पू. २६० मधील मायलीच्या लढाईत कार्थेजविरुद्ध त्याचा उपयोग झाला. शांततेच्या काळातील गँगवेचे तत्त्व नेमके याउलट आहे : त्याचे धक्क्यावरील टोक कधीही रुतता वा अडकता कामा नये.

लहान नौकेला अशा फळीची खरी गरज भूमध्य समुद्रातील बंदरांत भासते. तेथे नौका पुढच्या बाजूने नांगर टाकून पिछाडी धक्क्याकडे करून बांधतात. सुकाणूला इजा होऊ नये म्हणून मध्ये एक-दीड मीटर अंतर राखावे लागते. तेथे भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरपेक्षा कमी असल्याने २ ते २·५ मी. लांबीची फळी पुरते. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत हा फरक ४ मी.पेक्षाही अधिक होतो. मोठ्या जहाजांच्या गँगवेचा उतार सामान्यतः ३०° पेक्षा जास्त असू नये, अशी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची २००९ मधील सूचना आहे. लहान नौकांनाही तीच मर्यादा योग्य होय. ३०° उताराला फळीची लांबी दोन टोकांच्या उंचीतील फरकाच्या दुप्पट लागते. म्हणजे मुंबईस ८ मी.हून लांब फळी लागेल व ती लहान नौकेवर बाळगणे अशक्य आहे. त्यामुळे अशा ठिकाणी धक्क्याला दगडी पायऱ्या बांधतात किंवा पाण्याबरोबर वरखाली होणारे तरते तराफे ठेवतात. कोकणच्या अनेक लहान बंदरांत तर पूर्वी आगबोट धक्क्याला लागतच नसे व उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणीत.

फळीचे बल व ताठपणा : दोन टोकांवर टेकलेल्या फळीच्या मध्यावर भार आला असता तिचा वाक लांबीच्या घनाच्या सम प्रमाणात व जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. २·४ मी. लांब, ३० सेंमी. रुंद व ५ सेंमी. जाड सागवानी फळी १०० किग्रॅ. वजनाच्या मनुष्याखाली सु. ९ मिमी. वाकते. जाडी निम्मी केल्यास हाच वाक आठपट, म्हणजे ७ सेंमी.हून अधिक होतो. अशी फळी लगेच मोडेलच असे नाही. परंतु ती पायाखाली उसळते व तोल जातो. दुसऱ्या बाजूस, ५ सेंमी. जाडीच्या फळीचे वजन सु. २३ किग्रॅ. भरते व एकट्या माणसाला ती रोज टाकणे-काढणे कष्टाचे होते.

यावरचा स्वस्त उपाय म्हणजे लाकूड उभे वापरणे. २·५ सेंमी. जाड व १० सेंमी. उंच अशा दोन पट्ट्या कडेला उभ्या ठेवून, त्या आडव्या तुकड्यांनी जोडून वर ९ मिमी. जाडीचे जलरोधी प्लायवुड (भारतीय मानक ७१०) चिकटवून स्क्रूने बसविले असता वाक ७ मिमी.च्या आसपास राहतो आणि वजन १३ किग्रॅ.च्या जवळपास येते. वरील फळीपेक्षा वजन जवळजवळ निम्मे होऊनही ताठपणा वाढतो. सुतारकामाची सामान्य माहिती असलेल्यास हा गँगवे घरी बनविता येतो व खर्चाचा विचार करता तोच सर्वांत पसंत करण्याजोगा आहे. प्लायवुडच्या उघड्या कडांना इपॉक्सी रेझिनाचे लेप द्यावेत. कुजणे तेथूनच सुरू होते.

ॲल्युमिनियमच्या शिडीवर फळी बांधून गँगवे करण्याची प्रथाही पुष्कळ आहे. भिंतीला टेकवून वापरावयाच्या शिडीवरील भार मुख्यतः तिच्या लांबीच्या दिशेने जातो. ती आडवी ठेवली असता तोच भार तिच्यावर सरळ काटकोनात पडतो. म्हणून शिडीवर छापलेली भारमर्यादा येथे लागू पडत नाही. आडव्या वापरासाठी बनविलेली शिडीच घ्यावी. पोलादी खिळे वा बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनच्या चकत्या घालाव्यात. अन्यथा खाऱ्या पाण्यात विद्युत् रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजते. कार्बन तंतूंचे गँगवे अतिशय हलके असतात, पण त्यांची किंमत या लेखाच्या विषयाबाहेरची आहे.

नौकेकडील टोक खुंटीवर अशा रीतीने बसवितात की, ते वरखाली व बाजूंनाही फिरू शकेल. धक्क्याकडील टोकाला दोन चाके असतात व ते मोकळे राहते. दोन्ही टोके बांधल्यास पहिल्या जोरदार लाटेसरशी फळी किंवा तिची बैठक तुटते. मोकळे टोक धक्क्यावर निदान ४० सेंमी. आत यावे. शिवाय डोलकाठीवरून येणाऱ्या दोरीने ते टोक तोलून धरल्यास नौका पुढे सरकली तरी फळी पाण्यात पडत नाही. रात्री याच दोरीने टोक धक्क्यावरून उचलून ठेवतात. त्यामुळे झीज कमी होते व उंदीरही फळीवरून नौकेवर येत नाहीत.

चालण्याच्या पृष्ठभागावर ओल्या रंगात बारीक वाळू पेरावी व उतार असल्यास दर ३० सेंमी.ला आडवी पट्टी मारावी. निदान एका बाजूला खांब्या रोवून हाताला धरण्यासाठी दोर ताणावा. पांढऱ्या रंगाच्या कडा अंधारात उपयोगी पडतात.

जुना गँगवे विकत घेताना किंवा नवा वापरात आणण्यापूर्वी त्याची दोन्ही टोके जमिनीवर ठोकळ्यांवर टेकवून मध्यभागी दोन माणसांनी उभे राहावे. भार काढल्यावर फळी पूर्ववत सरळ झाली नाही किंवा करकरली, तर ती नाकारावी. ॲल्युमिनियमच्या बाबतीत वितळजोडांच्या कडेच्या सूक्ष्म भेगा व एकदा वाकवून पुन्हा सरळ केलेल्या पट्ट्या विशेष काळजीने तपासाव्यात.