धरणाला वळसा घालून गेलेली गाडी

वेल्समधल्या दिआल्ट या ठिकाणी रेल्वेचे रूळ डोंगरउतारावर पूर्ण वेढा घेतात. गाडी जिथून आली त्याच रुळांवरच्या पुलावरून ती पुढे जाते. दार्जिलिंगला जाताना बतासियाला जो प्रकार दिसतो, तोच इथेही आहे. ब्रिटनच्या सार्वजनिक रेल्वेत असा वेढा दुसरीकडे कुठेही नाही. तो घालावा लागला एका धरणामुळे, आणि घातला सुटीच्या दिवशी कुदळ-फावडी घेऊन येणाऱ्या हौशी माणसांनी.

ही फेस्टिनियोग रेल्वे. १८३२ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून तिची कंपनी स्थापली आणि १८३६ मध्ये मार्ग सुरू झाला. ब्लाइनाय फेस्टिनियोगच्या खाणींतली पाटी-दगडाची छपराची कौलं पोर्थमॅडॉगच्या बंदरात पोचवायची, एवढंच काम. अंतर सुमारे २२ किलोमीटर, रुळांमधली रुंदी जेमतेम दोन फूट. जवळजवळ संपूर्ण मार्गाला एकसारखा उतार दिलेला, त्यामुळे भरलेल्या वाघिणी आपोआप खाली घरंगळत येत. ब्रेकवाले तेवढे सोबत. रिकाम्या वाघिणी वर ओढायला घोडे लागत आणि खाली येताना तेच घोडे एका खास डब्यात उभे राहून ऐटीत प्रवास करत! वाफेचं इंजिन आलं १८६३ मध्ये. इतक्या अरुंद रुळांवर ते चालेल, यावर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. पुढे १८७० मध्ये ‘लिटल वंडर’ या दुतोंडी इंजिनाच्या चाचण्या बघायला रशियासह अनेक देशांचे तज्ज्ञ इथे आले. दोन फुटी रूळ टाकून कमी खर्चात डोंगर चढता येतो, हे जगाला पटलं. दार्जिलिंग आणि आपलं माथेरान याच मापाची भावंडं.

कौलांचा धंदा बसला तशी गाडीही खंगत गेली. १९३९ मध्ये प्रवासी वाहतूक थांबली, १९४६ मध्ये उरलीसुरली मालवाहतूकही. पण मूळ कायद्यात मार्ग बंद करण्याची तरतूदच नव्हती. तो मोडायचा तर संसदेत नवा कायदा करून घ्यायला हवा आणि त्याला लागणारा पैसा कंपनीकडे नव्हता. म्हणून रूळ, इंजिनं, डबे सगळं जागच्या जागी सोडून देण्यात आलं. भंगारवाल्याच्या हाती लागलं नाही ते या अडचणीमुळे. वारसा जपायचा म्हणून कुणी काही जपलं नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं.

१९५४ मध्ये ॲलन पेग्लर यांनी कंपनीची सूत्रं विकत घेतली आणि आपले समभाग एका विश्वस्त संस्थेला देऊन टाकले. पुढचं सगळं या एका निर्णयावर उभं आहे. रेल्वे कुणा धनिकाची राहिली नाही, तेव्हा बाहेरच्या माणसांनी फुकट राबावं याला अर्थ आला. १९५५ मध्ये बंदराजवळच्या बांधावरून पहिली गाडी सुटली. झुडपं तोडत, कुजलेले स्लीपर बदलत, एकेक स्टेशन पदरात पाडत मंडळी वर सरकू लागली.

तोवर वरच्या अंगाला वीज मंडळ आलं होतं. योजना उदंचनाची, म्हणजे आपल्याकडे घाटघरला आहे तशी. मागणी कमी असताना पाणी वरच्या तलावात चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडून वीज काढायची. टानाग्रिशायचा खालचा तलाव भरला आणि रेल्वेचा एक तुकडा, जुन्या मोएलविन बोगद्याच्या वरच्या तोंडासकट, बुडीत क्षेत्रात गेला. मग मोबदल्याची लढाई. कंपनीचं म्हणणं, बुडालेल्या मार्गाऐवजी नवा बांधायचा खर्च द्या. न्यायालयाने १९६२ मध्ये ते नाकारलं. व्यवसायाची किंमत केवढी आणि बांधणीचा खर्च केवढा, याचा मेळ बसत नाही, असं त्याचं कारण. अखेर १९७२ मध्ये १ लाख ६ हजार ७०० पौंडांवर प्रकरण मिटलं. धरणग्रस्तांच्या फायली पाहिलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही.

मोबदला मिटण्याची वाट न पाहता खणायला मात्र जानेवारी १९६५ मध्येच सुरुवात झाली होती. पाण्याच्या वरून जायचं तर मार्ग दहाएक मीटर उंच न्यायला हवा आणि तिथे दरीत लांबून चढ द्यायला जागा नाही. म्हणून तो वेढा. भराव हाताने टाकले गेले. कामाच्या जागी रस्ता नसल्याने माणसं आणि सामान रेल्वेनेच यायचं. नव्या, सुमारे २८७ मीटरच्या बोगद्याला मात्र हौस पुरली नाही. तिथला खडक फोडायला कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींतले जाणकार आणावे लागले. १९७८ मध्ये गाडी टानाग्रिशायला पोचली, १९८२ मध्ये ब्लाइनायला.

अर्ध्या वाटेत, दिआल्टलाच थांबून पर्यटकांना फिरवून आणलं असतं तरी तिकिटं खपली असती. पण वरच्या टोकाला काही नसलेली गाडी लवकरच खेळणं होते. ब्लाइनायला ही गाडी मोठ्या मापाच्या रेल्वेला भेटते, एकाच स्टेशनात. मार्ग पुरा करण्याचा हट्ट मला यामुळेच शहाणपणाचा वाटतो.

बंद पडलेल्या गाड्यांचा विषय आला की आपल्याकडे वऱ्हाडातल्या शकुंतला रेल्वेचं नाव निघतंच. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला, सुमारे १९० किलोमीटरची अडीच फुटी गाडी. तीही खासगी कंपनीच्या मालकीची आणि तीही थांबलेली. मात्र वेल्सचा धडा इथे जसाच्या तसा गिरवता येणार नाही. तिथल्या गावकऱ्यांचं बाजारहाट त्या गाडीवर अवलंबून राहिलं नव्हतं. वऱ्हाडातल्या माणसाला दवाखान्यात, कॉलेजात, बाजारात वेळेत पोचवणारी गाडी हवी आहे, म्हणून तो ब्रॉडगेज मागतो आणि ते रास्तच आहे. वारसा म्हणून एखादा तुकडा राखायचा असेल तर तो वेगळा हिशेब मांडावा लागेल, आणि त्यात पहिला प्रश्न मालकीचा असेल, इंजिनाचा नव्हे.

पोर्थमॅडॉगमध्ये २०११ पासून कार्नारव्हनकडून येणारी वेल्श हायलँड रेल्वेही येऊन मिळते. तिचे रूळ दुसऱ्या महायुद्धात उखडले गेले होते, त्यामुळे ती जवळजवळ नव्याने बांधावी लागली. चालवणारी कंपनी तीच, १८३२ ची.