प्रवेश मिळाला, आता मुलांना टिकवूया

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात. कॉलेजात नाव लागले की आईबापांची छाती भरून येते. पण खरी कसोटी त्यानंतर सुरू होते, इकडे आम्ही समस्त पालकांचे लक्ष वेधू इच्छितो.

घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलाचे पहिले वर्ष फार कठीण जाते. मराठी शाळेतून आलेल्या मुलाच्या कानावर एकदम इंग्रजी पडते. प्रश्न विचारायला तो लाजतो. पहिल्याच परीक्षेत दोन विषय राहतात. हॉस्टेलात कोणी आडनाव विचारून तोंड फिरवतो, स्कॉलरशिप वेळेवर येत नाही. मग 'ही जागा आपली नाहीच' असे त्याच्या मनात घर करते.

अशा वेळी 'मन घट्ट कर' एवढेच सांगून भागत नाही. २०१६ साली हैदराबादचा रोहित वेमुला आणि २०१९ साली मुंबईतील डॉ. पायल तडवी यांना आपण गमावले. ही मुले कच्ची नव्हती. हुशारीच्या बळावरच ती तिथवर पोहोचली होती. मुलाची जिद्द कितीही मोठी असो, पाठीशी माणसे आणि व्यवस्था लागतेच.

खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले, माता रमाईंनी संसाराचा भार उचलला, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तिथे त्यांचा प्रबंधही एकदा दुरुस्तीसाठी परत आला होता. त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ साली डी.एस्‌सी. मिळवली. पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. गरिबाच्या पोराला काय नडते, हे ते स्वतः भोगून जाणत होते.

मग आपण काय करावे?

पैशाची सोय आधी करा. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाची धनबादच्या आयआयटीतील जागा १७,५०० रुपये वेळेत भरता न आल्याने गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती परत मिळवून दिली, पण प्रत्येकाला कोर्ट कसे गाठता येणार? जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर मुदतीत भरा. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेची चौकशी करा.

फोनवर फक्त मार्क विचारू नका. जेवलास का, झोप लागते का, मित्र कोण आहेत, हेही विचारा. 'तुझ्यासाठी आम्ही हाडाची काडं केली' हे रोज ऐकवले की मूल आपली अडचण लपवू लागते. विषय राहिला तर तो पुढच्या परीक्षेत निघतो, हे त्याला घरूनच कळू द्या. मुलीच्या बाबतीत तर 'नापास झालीस तर लग्न लावून टाकू' ही धमकी कायमची बंद करा.

कॉलेजात अपमान होत असेल, तर तारीख-वेळ लिहून ठेवा. तेथील अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे किंवा समान संधी केंद्राकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

मूल एकाएकी गप्प झाले, खोलीबाहेर पडेना, जगण्याला कंटाळलो असे म्हणू लागले, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरकडे न्या. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

वस्तीतील विहारात रविवारी दोन तास मोठ्या वर्गातील मुलांनी धाकट्यांना इंग्रजी शिकवावे, अर्ज भरून द्यावेत, आपले नापास झाल्याचे अनुभवही मोकळेपणाने सांगावेत. याला खर्च काहीच नाही. आपला एकही विद्यार्थी एकटा पडू नये, ही जबाबदारी आपण सर्वांनी मिळून उचलूया.