उंचीआधी कागदपत्रे पाहा

भिलाईच्या खुर्सीपारमध्ये पोलाद कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या कर्मचाऱ्याला निवृत्तीनंतर सहसा नवे घर शोधावे लागते. भविष्य निर्वाह निधीची पुंजी उंच इमारतीतील सदनिकेत गुंतविण्यापूर्वी मुंबईतील वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीचे उदाहरण आठवावे. तेथे परवानगी पाच मजल्यांचीच होती. एक इमारत मात्र वीस मजल्यांपर्यंत चढविली गेली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने वरचे अनधिकृत मजले पाडण्याचा निर्णय दिला आणि आयुष्याची कमाई घातलेली कुटुंबे संकटात सापडली.

म्हणून प्रथम मंजूर नकाशात आपला मजला आहे का, हे पाहावे. तयार इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, बांधकाम चालू असल्यास रेरा नोंदणी आणि चटई क्षेत्र तपासावे. त्यानंतरच लिफ्ट, पाणीपुरवठा व अग्निशमन व्यवस्था पाहावी. खिडकीतून दिसणारे दृश्य शेवटी!