शेलू ते खोपोली : हौशी पेटीवादकांचे जग

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्यामध्ये शेलू हे छोटे स्थानक आहे. तिथून पुढे नेरळ, भिवपुरी रोड आणि कर्जत. कर्जतहून फुटणाऱ्या फाट्यावर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि शेवटी खोपोली. या पट्ट्यात पियानो असलेले घर शोधावे लागते. पेटी मात्र जवळपास प्रत्येक गावात सापडते. ती कधी देवळाच्या गाभाऱ्याशेजारी खणाच्या झाकणाखाली असते, कधी भजनी मंडळाच्या ट्रंकेत, कधी एखाद्या घराच्या माळ्यावर. ती वाजवणारे बहुतेक सगळे हौशी. कोणी मुंबईच्या कारखान्यात किंवा कार्यालयात नोकरीला, कोणी शेतकरी, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार. पट्ट्यांचे वाद्य वाजवणारा हौशी माणूस जगात बहुतेक ठिकाणी घरात एकटा वाजवतो. इथला पेटीवादक मात्र चारचौघांत, कोणाच्या तरी गाण्यामागे वाजवतो. त्याची आवडनिवडही त्यातूनच घडते.

पेटी इथवर कशी आली

हार्मोनियमचा जन्म युरोपातला. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४०च्या सुमारास त्याला आकार दिला. ते पायाने भाता मारायचे, खुर्चीवर बसून वाजवायचे वाद्य होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला हातभाता बसवला, उंची कमी केली आणि ते जमिनीवर आणले. मांडी घालून गाणाऱ्यांच्या देशात या बदलाने वाद्याचे नशीब पालटले. एका हाताने उचलता येणारी पेटी बैठकीत, कीर्तनात आणि नाटकमंडळींच्या सामानात जाऊन बसली.

महाराष्ट्रात तिला घराघरात नेले ते संगीत नाटकाने. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले आणि पुढच्या पन्नास वर्षांत नाट्यपद हे मराठी माणसाचे लोकप्रिय संगीत झाले. १९११ साली आलेल्या ‘मानापमान’च्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः नामांकित पेटीवादक होते. भास्करबुवा बखल्यांना साथ करणाऱ्या टेंब्यांनी पेटीला स्वतंत्र वादनाचा मानही मिळवून दिला. पुढे पी. मधुकर, बेळगावचे रामभाऊ विजापुरे, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, गोव्याच्या बोरी गावचे तुळशीदास बोरकर अशी मोठी परंपरा उभी राहिली. हौशी वादकांना आपला वाटणारा माणूस मात्र पु. ल. देशपांडे. लेखक म्हणून कीर्ती मिळवलेल्या या माणसाने पेटी आयुष्यभर आवडीने वाजवली, आणि हौसेला प्रतिष्ठा दिली.

मुंबईहून खोपोलीपर्यंत रेल्वे १८५६ साली आली. बोरघाट ओलांडून ती पुढे गेली ती १८६३ साली. त्यामुळे कर्जत आणि खालापूर या तालुक्यांचा हा भाग मुंबईच्या बाजारपेठेशी लवकर जोडला गेला. पेटी घ्यायची तर मुंबई, दुरुस्त करायची तर दादर-गिरगाव, हा रिवाज त्यातूनच पडला. दादरची ‘हरिभाऊ विश्वनाथ’ ही १९२५ साली सुरू झालेली वाद्यपेढी मध्य रेल्वेच्या प्रवाशांना ओळखीची आहे.

या वाद्याला सरकारी विरोधही झाला. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. पेटीचे बारा स्वर समान अंतरावर बांधलेले असतात, त्यांत मींड आणि श्रुती येत नाहीत, हा मुख्य आक्षेप. ही बंदी १९७१ साली काही अटींसह उठली. गंमत अशी, की १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले तेव्हाही ती लागू होती. गदिमांच्या शब्दांना सुधीर फडक्यांनी चाली दिलेली ती छप्पन्न गीते लोकांनी रेडिओवर ऐकली आणि घरी येऊन पेटीवर बसवली. ज्या माध्यमाने पेटीला दार बंद केले, त्यानेच पेटीवाल्यांना वाजवायला भरपूर दिले.

हात, पट्टी आणि पाऊस

उजव्या हाताने स्वर आणि डाव्याने भाता, ही पेटीची मांडणी वादकाची सगळी सवय ठरवते. डावा हात हवा सांभाळतो. आवाज लहान-मोठा करणे, शब्दाच्या शेवटी सूर सोडणे, श्वास घेतल्यासारखी जागा ठेवणे ही कामे त्याची. सुरांचे काम एका हाताच्या बोटांवर पडते, म्हणून इथला वादक एकेरी चाल सुंदर वाजवतो. दोन हातांची सुरावट त्याच्या वाट्याला येत नाही.

साथीतली खरी कसोटी म्हणजे पट्टी, म्हणजे गाणारा ज्या सुराला सा धरतो तो सूर. एक बुवा काळी दोनमध्ये गातात, दुसरे पांढरी चारमध्ये, महिला मंडळ काळी पाचमध्ये. साध्या पेटीवर प्रत्येक पट्टीला बोटांची वाट बदलते. स्केलचेंजर पेटीत स्वरपटच सरकवता येतो, पण ती जड आणि महाग. गावातल्या मंडळाची पेटी बहुधा साधी असते, आणि म्हणूनच इथल्या जुन्या वादकांना सगळ्या पट्ट्या हाताखालच्या असतात. खर्ज आणि नर अशा सुरांच्या दोन ओळी असलेली पेटी भजनाला पुरते; तिसरी मादीची ओळ असली तर आवाज अधिक चमकदार होतो.

कर्जत-खालापूर सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे आणि इथला पाऊस मुसळधार. दमट हवेत लाकूड फुगते, पट्टी दाबली की वर येत नाही, भात्याचे कातडे सैल पडते, पितळी सूर काळे पडून आवाज चोरतात. म्हणून पावसाळ्यात पेटी जमिनीवर ठेवत नाहीत, कापडात गुंडाळतात, आणि रोज थोडी तरी वाजवतात, कारण हवा खेळती राहिली की सूर टिकतात. आषाढी संपली की गणपतीआधी पेटी उघडून साफ करण्याची घाई सुरू होते.

दिनक्रम आणि वर्ष

शेलू-नेरळच्या नोकरदाराचा दिवस पहाटेच्या लोकलने सुरू होतो आणि रात्री संपतो. मुंबई इथून ऐंशी किलोमीटरच्या आसपास. जाण्यायेण्यातच दिवसाचे चार तास सहज जातात. रियाज करायला वेळ उरत नाही, पण गाणे सुटत नाही. मध्य रेल्वेच्या डब्यांतली भजने प्रसिद्धच आहेत. गर्दीत पेटी मावत नाही. टाळ असतात आणि डब्याच्या पत्र्यावर धरलेला ठेका असतो. पेटीवादक तिथे गाणारा होतो, चाली ऐकून ठेवतो, आणि आठवड्याच्या भजनात त्या पेटीवर काढतो. चाल आधी कानात, मग गळ्यात, शेवटी बोटात, असा हा उलटा अभ्यास आहे.

आठवड्याचे भजन बहुधा गुरुवारी किंवा एकादशीला, जेवणानंतर, देवळात किंवा इमारतीच्या सभागृहात. वर्षाचा क्रमही ठरलेला. कार्तिकात काकडा, माघात गणेशजयंती, त्या वेळी खालापूर तालुक्यातल्या महडच्या वरदविनायकाला होणारी गर्दी, उन्हाळ्यात गावोगावचे हरिनाम सप्ताह, मग आषाढी, श्रावण, गणपती, नवरात्र. सप्ताहात पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. या दिवसांत पेटीवाल्याला उसंत नसते. ज्या गावात वादक नाही तिथून निरोप येतो, आणि तो दुचाकीवर पेटी बांधून जातो. बिदागी मिळाली तर मिळाली. नारळ, जेवण आणि मान हे नक्की.

शिक्षणाच्या वाटा तीन. पहिली घरातली किंवा मंडळातली: थोरल्या वादकाशेजारी बसून बोटे बघायची. दुसरी वर्गातली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद आणि पुढे अलंकार या परीक्षा पेटीसाठीही देता येतात, आणि त्यांमुळे भूप, यमन, दुर्गा हे राग शाळकरी मुलांच्या बोटांत बसतात. तिसरी वाट मोबाइलची: यूट्यूबवर चाल शोधायची, तानपुऱ्याचे अ‍ॅप लावायचे आणि थांबवत थांबवत वाजवायचे. तबला शिकणाऱ्या मित्राला लेहरा धरून देणे ही या सगळ्यांची समान शाळा. तासभर एकच ओळ लयीत न ढळता वाजवली की हात पक्का होतो.

आवडीचा सामायिक साठा

शेलूचा वादक खोपोलीच्या अनोळखी मंडळात बसला तरी अडत नाही, कारण दोघांचा साठा एकच असतो. या साठ्याचे चार थर आहेत.

सर्वांत खालचा आणि भक्कम थर अभंगांचा. रामकृष्णहरीचा गजर, रूपाचा अभंग, मधले अभंग, गौळण, शेवटी भैरवी आणि पसायदान, हा भजनाचा क्रम ठरलेला आहे. भीमसेन जोशी आणि जितेंद्र अभिषेकी यांनी गायलेल्या अभंगांच्या चाली त्यात इतक्या मिसळून गेल्या, की त्या कोणाच्या आहेत याचा अनेकांना विसर पडला. दुसरा थर नाट्यपदांचा. अभिषेकींचे संगीत लाभलेले ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७चे नाटक २०१५ साली चित्रपटातून पुन्हा आले, आणि नव्या पिढीनेही ती पदे पेटीवर काढली. तिसरा थर भावगीतांचा आणि गीतरामायणाचा. तो घरगुती बैठकीत, वाढदिवसाला, कोजागिरीला बाहेर निघतो. चौथा थर जुन्या हिंदी चित्रपटगीतांचा, विशेषतः यमन, भैरवी आणि पहाडीतल्या.

या निवडीमागे एक साधे कारण आहे. हौशी वादकाला गाणारे लागतात, आणि गाणाऱ्यांना मागे धरणारे लागतात. धृपद सगळ्यांना उचलता आले नाही तर भजन पडते. म्हणून अवघड, अनोळखी रचना गळून जातात आणि ओळखीची चाल टिकते. वादकाचे कौशल्य नव्या रचनेत दिसत नाही. ते दोन कडव्यांमधल्या जागेत, गायकाच्या तानेला दिलेल्या उत्तरात, पट्टी चुकलेल्या बुवांना न कळत सावरण्यात दिसते. जाणकार दाद देतात ती तिथेच. महिला भजनी मंडळांनी, विशेषतः अधिक महिना आणि नवरात्रात, या साठ्यात देवीच्या पदांची आणि गौळणींची मोठी भर घातली आहे.

कीबोर्ड, बेंजो आणि पियानो

कॅसिओने १९८० साली आपले पहिले इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड बाजारात आणले. पुढे त्या कंपनीचे नावच इथे वाद्याचे नाव झाले. शेलू-नेरळच्या नव्या इमारतींत एका खोलीच्या घरांना कॅसिओ सोयीचा: हेडफोन लावला की शेजाऱ्यांना त्रास नाही, आणि ट्रान्सपोजचे बटण दाबले की पट्टी बदलते. मात्र या बटणामुळे नवे वादक एकाच पट्टीत अडकतात. साधी पेटी समोर आली की गडबडतात. पेटीवरून कीबोर्डवर जाणाऱ्याची अडचण उलटी: आयुष्यभर भाता मारलेल्या डाव्या हाताला आता स्वरसंघ शिकावे लागतात.

आगरी आणि कोळी समाजाच्या हळदीत आणि वरातीत बेंजोला मान आहे. टंकयंत्रासारखी बटणे असलेले हे तारवाद्य म्हणजे बुलबुलतरंग. त्याचे मूळ १९१२ साली जपानच्या नागोया शहरात बनलेल्या ताइशोगोतोमध्ये आहे. बेंजोवाला कोळीगीतेही वाजवतो आणि नवी चित्रपटगीतेही. नाचणाऱ्यांचे पाय थांबले की त्याची चाल बदलते.

पियानोचे जग मुंबई-गोव्यात आहे. १८६५ पासूनचे ‘फर्टाडोज’ हे धोबीतलावचे दुकान, पारशी आणि ख्रिस्ती घरांतले शिक्षण, ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा, गोव्याच्या चर्चशाळांतले सोल्फेजो आणि पणजीच्या कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग यांनी तो टिकवला. तिथला हौशी वादक छापील स्वरलेखनावरून वाजवतो, बाख आणि बीथोव्हनच्या सोप्या रचनांवर वाढतो, आणि पाहुणे आले की हिंदी चित्रपटगीताकडे वळतो. व्ही. बालसारा आणि ब्रायन सायलस यांच्या पियानोवरील गीतांच्या ध्वनिमुद्रिकांना मिळालेली लोकप्रियता हेच सांगते. वाद्य आणि लिपी वेगळी असली तरी श्रोते जमले की आवड एकाच चालीवर येऊन थांबते.

पेटीवरचे जुने आक्षेप पूर्ण मिटलेले नाहीत. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवून त्यांना उत्तर दिले. भजनी मंडळांनी मात्र या आक्षेपांची फारशी फिकीर केली नाही. कर्जत-खालापुरात आज खरी उणीव वेगळी आहे: साधी पेटी सगळ्या पट्ट्यांत वाजवणारे आणि ती गावातच दुरुस्त करणारे हात कमी होत आहेत. कीबोर्ड शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला मंडळाच्या पेटीसमोर आठवड्यातून एक संध्याकाळ बसवले, तर हा वारसा टिकेल. त्यासाठी नवे काही उभारण्याची गरज नाही, मंडळे गावोगाव आहेतच.